हरलेल्या तबकडीवरचा कोंबडा

दिगूभाऊ राऊत आमच्या जेवणघरात पहिल्यांदा आले ते टेप घेऊन. शिंप्याची नव्हे, सुताराची, पोलादी. नागावला वाडीत चार खोल्या बांधून आम्ही नुकतेच पाहुणे ठेवायला लागलो होतो आणि जेवणघरात नवा टीव्ही लावला होता. त्यांनी पडद्याची उंची मोजली, तिची तिप्पट केली, तेवढ्या अंतरावर फरशीवर खडूनं रेघ मारली आणि म्हणाले, "वैनी, खुर्च्या या रेघेवर. अलीकडे बसलं तर ठिपके दिसतात, पलीकडे बसलं तर टीव्ही घेतला कशाला?"

रेघ नेमकी भाताचं पातेलं ठेवायच्या टेबलाखालून गेली होती. मी ती पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती.

दिगूभाऊंची पोफळीची वाडी आमच्या कुंपणाला लागून आहे. उभं आयुष्य त्यांनी मालवाहू जहाजावर विजेच्या यंत्रांची देखभाल केली. वर्षातले चार महिने घरी, बाकी पाण्यावर. बायको कुंदावहिनी गेल्या आणि काही वर्षांनी नोकरीही संपली. तेव्हापासून दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे. जेवणाबद्दल तक्रार नाही. तक्रार असते ती टीव्हीबद्दल, आणि ती एका शब्दात असते: "दाबलंय!"

पाहुणे मॅच बघत असले की हे मागे उभे राहून म्हणणार, "गवत बघा. गवत आहे का ते? हिरवा रंग फासलाय. दाबलंय सगळं." पुढे पुढे हा शब्द टीव्हीपुरता राहिला नाही. पाकिटातलं नारळाचं दूध दाबलेलं. अलिबागच्या एसटीतली माणसं दाबलेली. एकदा माझ्या मोदकाची कळी उचलून त्यांनी उजेडात धरली आणि म्हणाले, "हे दाबलेलं नाही." एवढी मोठी शाबासकी त्यांनी दुसऱ्या कुणाला दिल्याचं मला माहीत नाही.

मला यंत्रातलं काही कळत नाही. मिक्सर बिघडला तर मी दुसरा आणते. पण आमटी वाढता वाढता इतक्या वेळा ऐकलंय, की आता मीही सांगू शकते. चित्र तबकडीवर मावायचं तर ते दाबावं लागतं. "एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जे हललं नाही ना वैनी, ते हे लोक पुन्हा लिहीतच नाहीत. मघाचंच समजा म्हणतात. आणि काळोखात कोण बघायला जातंय, म्हणून तिथे हात अगदी आखडता."

साध्या डीव्हीडीनंतर चांगल्या चित्राच्या दोन तबकड्या बाजारात आल्या होत्या, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. दोघींचा किरण निळाच, दाबायची पद्धतही तीच. भांडण कशावरून, तर पोटात किती मावतं यावरून, आणि एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रात चालायची नाही. आमच्याकडे दोन भाऊ बांधावरून कोर्टात जातात, त्यातलाच प्रकार. जहाजावरही दोन तट पडले. सेकंड इंजिनिअरनं ब्लू-रे घेतला. दिगूभाऊंनी परदेशातल्या एका बंदरात एचडी डीव्हीडीचं यंत्र घेतलं, कोऱ्या तबकड्या घेतल्या, कॅमेराही घेतला. सुट्टी संपवून परत जहाजावर गेले आणि पुढच्या बंदराला लागेपर्यंत लढाई संपली होती. त्यांची तबकडी हरली. यंत्रं निघायची बंद, तबकड्या मिळायच्या बंद, दुकानदार ओळख दाखवेना.

एखादा पक्षच विसर्जित झाला तरी त्याचा एक कार्यकर्ता टोपी घालून हिंडत असतो, तसे दिगूभाऊ राहिले. "हरली ती चांगली नव्हती असं नाही," ते म्हणत. पाहुण्यांतला कुणी कॉम्प्युटरवाला हसला, की त्याला हाताला धरून पलीकडे नेत आणि कोंबडा दाखवत.

हा कोंबडा सगळ्या नागावला माहीत आहे. त्या सुट्टीत कॅमेऱ्याची परीक्षा म्हणून त्यांनी अंगणात वाळत घातलेल्या सुपारीत फिरणारा घरचा कोंबडा टिपला होता. लाल तुरा, पिसं, सुपाऱ्यांचे शेकडो गोल, त्यातून तो सारखा हलणारा. दाबणाऱ्याची याहून कठीण परीक्षा नाही म्हणे. कॅमेऱ्याच्या बाकीच्या टेपांना खाऱ्या हवेनं बुरशी आली. तबकडीवर उतरवलेला कोंबडा तेवढा वाचला. दिगूभाऊ तो रोज दुपारी बघतात. आवाज बंद करून, कारण आवाजानं चित्रावरचं लक्ष उडतं.

मासळी विकायला येणाऱ्या जनाबाईनं एकदा खिडकीतून डोकावून विचारलं, "दादा, ह्यो कोंबडा अजून हाय?"

"तो कधीच रश्श्यात गेला."

"मंग रोज त्याला काय बघतास? दुसरा आन की!"

या कोंबड्यापायीच त्यांचं मुलीशी बिनसलं. वृषाली मुलुंडला असते. आई गेली तेव्हा ती कॉलेजात होती. एका दिवाळीला ती माझ्या स्वयंपाकघरात रडवेली होऊन बसली. "काकी, त्या तबकडीत आई आहे. मला पक्कं आठवतंय. आईचं हलतंबोलतं असं तेवढं एकच राहिलंय. माझ्या मुलीनं आजीला फोटोतच पाहिलंय. मोबाइलवर पाठवा म्हटलं, तर बाबा म्हणतात, दाबावं लागेल. आईला त्या पेटीत ठेवून ते एकटेच बघतात." त्यानंतर ती आली नाही. फोनही सणावारापुरते उरले.

मी कोड्यात पडले. तो कोंबडा मी कितीदा पाहिला होता. त्यात कुंदावहिनी कुठे होत्या?

या मे महिन्यात यंत्रच कुरकुरायला लागलं. तबकडी आत घ्यायचं, घरघरायचं, बाहेर टाकायचं. सुटे भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. दिगूभाऊंचं जेवण निम्म्यावर आलं. मी ताट उचलताना सरळच बोलले, "दिगूभाऊ, यंत्र गेलं की त्यात जे काय आहे ते गेलं. तुम्हालाही नाही, मुलीलाही नाही. अलिबागच्या प्रमोदला बोलावते."

"तो लग्नाचं शूटिंग करतो. तो दाबेल."

"दाबू दे. भाजीसुद्धा दाबून भरल्याशिवाय डब्यात मावत नाही."

प्रमोद दुपारी त्यांच्या घरी आला. बरीच मनधरणी केल्यावर यंत्रानं तबकडी धरली. त्यानं आधी मोबाइलवर जाईल अशी लहानशी प्रत केली आणि टीव्हीवर लावली. कोंबडा झकास आला होता.

"बघा काका, तुरा कसा आलाय!"

दिगूभाऊ उठून पडद्यापाशी गेले. कोंबड्याच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, घराच्या दाराचा काळा चौकोन होता. तिथे बोट ठेवून ते उभे राहिले. बोटाखाली काळ्या-करड्या चौकटी नुसत्या थरथरत होत्या.

"कोंबडा आला," ते म्हणाले. "ती नाही आली."

प्रमोदनं मूळ तबकडी लावली. इतकी वर्षं मी त्या कोपऱ्याकडे बघितलंच नव्हतं. उंबरठ्याच्या आत सावलीत कुंदावहिनी बसल्या होत्या. पदर खोचलेला, पुढ्यात दोन पानं वाढलेली, हातात वर्तमानपत्राची घडी. त्या माशा वारत होत्या. मध्येच त्यांनी मान वर केली आणि ओठ हलले.

आवाज उतरतोय का ते बघायला प्रमोदनं स्पीकर चालू केला.

"अहो, पानं वाढलीत. भात निवतोय."

"आलो, आलो," कॅमेऱ्याच्या मागून तेव्हाचे दिगूभाऊ. "याला जरा उन्हात येऊ दे."

कोंबडा उन्हात आला. मग सावलीत गेला. मग कुंपणाकडे निघाला आणि कॅमेराही त्याच्याबरोबर थोडा थोडा सरकला. मागे पुन्हा एकदा "अहो" ऐकू आलं, पण त्यापुढे काही नाही. नंतर हाक थांबली. कोपऱ्यात घडी तेवढी हलत राहिली.

प्रमोद उगाच वायर तपासत बसला.

"कॅमेरा नवीन होता," दिगूभाऊ म्हणाले.

जरा वेळानं प्रमोदनं हळूच विचारलं, "काका, आवाज काढून टाकू? फाइल थोडी हलकी होईल."

"आवाज काढून काही हलकी होत नाही. राहू दे." मग ते खुर्चीत बसले. "मोठी प्रत कर. त्या काळोखाला काही कमी पडू देऊ नकोस. कोंबडा बिघडला तरी चालेल."

"मग मोबाइलवर जाणार नाही."

"नाही गेली तर नाही. मी नेतो."

मोठी प्रत पुरी झाली आणि यंत्रानं मान टाकली. तबकडी आतच राहिली. प्रमोद स्क्रू काढायला बसणार, तर दिगूभाऊंनीच त्याला हात धरून थांबवलं आणि मोठ्या प्रतीचा पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

"मुलीला फोन करून जा," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"जेवायला येतो म्हणून सांगा."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. तेवढंच वाक्य बोलले. पलीकडून वृषाली काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण हे बराच वेळ नुसतं "हो, हो" करत होते आणि शेवटी म्हणाले, "तिखट चालतं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्कूटरवरून मांडव्याच्या धक्क्यावर सोडलं. इस्त्रीचा सदरा, हातात सुपारीची पिशवी. मुंबईच्या रो-रो बोटीच्या रांगेत उभं राहिल्यावर म्हणाले, "वैनी, ती आवाज ऐकणार. विचारेल, बाबा, तुम्ही लगेच जेवायला का नाही गेलात?"

"मग सांगा खरं काय ते."

त्यांनी सुपारीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"खरं म्हणजे, मला वाटलं, ती बसलीय ना तिथे. कुठे जातेय?"

पुढचा माणूस सरकला. दिगूभाऊंनी खिशावर हात ठेवला आणि तेही पुढे गेले.