पास, रिजेक्ट आणि खानविलकर काका

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत कुठलाही कार्यक्रम असो, खानविलकर काका स्टेजकडे पाठ करून उभे राहतात. तिकडे गाणं रंगात आलेलं असतं आणि काका आमच्याकडे टक लावून बघत असतात. नवीन भाडेकरूंना वाटतं, सिक्युरिटीचे असावेत.

"स्टेजवर काय बघायचं? माल इकडे आहे," काका म्हणतात.

तळोज्याच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर माल तपासला. रिटायर झाल्यावर आमचे सण तपासायला घेतले. मी सांस्कृतिक समितीत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघाले की गेटवर निकाल ऐकावा लागायचा. गणपतीतला ऑर्केस्ट्रा? "रिजेक्ट. अर्धी जनता मोबाईलमध्ये." मध्येच लाईट गेली होती, त्याबद्दल मात्र, "एक नंबर! माणसं एकमेकांशी बोलली की हो!"

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही काका हॉलच्या दारात हजर. बायका खुसखुसल्या. सेक्रेटरींच्या मिसेस, म्हात्रे वहिनी, वैतागल्या. "काका, आज तरी घरी बसा ना!"

काका हलले नाहीत. त्यांची नजर कोपऱ्यात होती. तिथे आमच्या मजल्यावरच्या सविताताई तिळाचे लाडू ताटात लावत होत्या. त्यांचे मिस्टर मागच्या पावसाळ्यात गेले. सकाळपासून त्याच राबत होत्या. पण कुंकू लावायला सुरुवात झाली तशा भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"वहिनी, आजचा रिजेक्ट," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "माझी आई अशीच. वडील लवकर गेले. शेजारच्यांच्या हळदीकुंकवाची ताटं ती भरायची आणि बायका आल्या की आत जाऊन बसायची. मी म्हणायचो, बाहेर चल. यायची नाही."

सगळ्यांच्या नजरा कोपऱ्याकडे वळल्या. वहिनींनी करंडा उचलला आणि सरळ कोपऱ्यात गेल्या. सविताताई मागे सरकल्या.

"नको हो वहिनी. कोणाला चालायचं नाही."

"मला चालतं. बघू, तोंड इकडे करा."

वहिनींनी कुंकू लावलं, थोडं सविताताईंच्या नाकावर सांडलं. दोघी हसल्या, मग रडल्या. मग आम्ही सगळ्याच.

डोळे पुसत सविताताई दाराशी आल्या. "घ्या काका, तिळगूळ."

काकांनी लाडू घेतला, पण दुसरा हात तसाच पुढे धरला.

"अजून एक द्याल?" ते हळूच म्हणाले. "आईच्या फोटोपुढे ठेवतो."