दौलत काकाजींची भिंत

गेल्या वर्षी खांदशेकणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी नऊ वाजता आमच्या गावच्या दौलत काकाजींवर अन्याय झाला. अन्याय करणाऱ्याचं नाव गावात वाटायच्या पत्रकात ठळक छापायचं, ही माझी पद्धत. या वेळी ते माझंच आहे.

काकाजी माणसाला नाव विचारत नाहीत, बैल विचारतात. नवे ग्रामसेवक आर्वीहून रुजू झाले, तर बाजारात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता यांनी पहिला प्रश्न टाकला, तुमच्या घरची जोडी कोणती? ग्रामसेवक म्हणाले, मोटारसायकल आहे.

"थे झालं. पन ओळख कशी ठेवू तुमची?"

मी त्यांच्या लेखी हिऱ्या-पवळ्याचा नातू. माझे आजोबा मधे कुठेच नाहीत.

बाजाराच्या ओट्यामागे लांब भिंत आहे. पोळ्याला तोरणाखाली जितक्या जोड्या उभ्या राहतील, तितक्यांची नावं काकाजी तिच्यावर गेरूनं लिहीत. पावसानं पुसट झालेली पुन्हा गिरवत. वरच्या ओळी गच्च, खाली येता येता विरळ. कोणत्या घरची जोडी कधी विकली, कुठे ट्रॅक्टर आला, सगळं त्यात होतं. मला ती नुसती घाण दिसली. आमची तेव्हा गावाचा इतिहास वाचवायची मोहीम चालू होती. मी भिंतीला दोन हात चुना मारला आणि वर निळ्या रंगात लिहिलं, 'आपला इतिहास आपणच जपू या'.

पोळ्याच्या दिवशी काकाजी गेरूचा डबा अन् कुची घेऊन आले. मी चार मुद्दे पाठ करून भांडायला तयार उभा. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, बोटं पाहिली, चुना चांगला बसला म्हणाले. शेवटचं अक्षर वाकडं आलंय, तेवढं दाखवलं. आणि डबा न उघडता घरी गेले. पोळा फुटला तेव्हा ते नव्हते. मला तर त्यांची आठवणही आली नाही.

आठेक दिवसांनी कुणीतरी विचारलं, बैलांची नावं कुठे गेली? तेव्हा मी चुना खरवडला. चुन्यासोबत गेरूही निघून आला. मग वही घेऊन काकाजींच्या वावरात गेलो. निंदता निंदता त्यांनी घरोघरच्या जोड्या सांगितल्या, एकदाही न अडखळता. वही भरत आली. म्हटलं, काकाजी, तुमची जोडी राहिली.

विळा थांबला.

"माही कुठची बे? अर्धा एकर वावर, कुदयीनं होते. तुह्या आजाकडं सालदार होतो. हिऱ्या-पवळ्याले मीच धुवो, मीच सजवो. पोयाच्या दिवशी मातर कासरा मालकाच्या हाती. सारे कासरा धरून उभे, मी रिकाम्या हातानं कसा उभा राहू? म्हनून कुची धरली."

मी वही मिटली. निघताना त्यांनी मला सांभाराची जुडी दिली. ती घरी नेताना मान वर झाली नाही.

येत्या पोळ्याआधी नावं भिंतीवर परत चढतील, ते काम माझं. पण आमच्या गोठ्यात आता मोटारसायकल उभी असते, म्हणून तुमच्याकडे मागतो आहे. तुमच्या दावणीला अजून जोडी असेल, तर यंदा तोरणाखाली तुमचा कासरा दौलत काकाजींच्या हातात द्या. आणि पोळा फुटेपर्यंत परत मागू नका.