सोनावणे काकांचा उजवा हात

सोनावणे काका कुणाकडेही चहाला गेले की आधी स्वयंपाकघरात शिरतात, गॅसची नळी उलटीपालटी करून तिच्यावरची तारीख वाचतात आणि मगच खुर्चीवर बसतात. मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत कुणी नवीन राहायला आलं की काकांशी पहिली ओळख होते ती ओट्यापाशीच. माझीही तशीच झाली. "मुदत संपलीय, बदलून घ्या. साखर अर्धा चमचा," असं ते एका दमात म्हणाले होते.

काका एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. गणपतीच्या मांडवातल्या वायरी, मुलांच्या सायकलींचे ब्रेक, माझ्या नवऱ्याची स्टुलावर चढायची पद्धत, सगळं त्यांच्या अखत्यारीत येतं. यंत्र कुठलंही असो, त्यांचं पालुपद एकच: "आधी बंद, मग हात."

अशा माणसाचा उजवा हात मागच्या उन्हाळ्यात मिक्सरमध्ये सापडला.

बोटांच्या शिरा तुटल्या, ऑपरेशन झालं. काकांना त्याहून मोठी पंचाईत वाटली ती लोकांना सांगायचं काय याची. वॉचमनला त्यांनी लिफ्टचं दार सांगितलं, दूधवाल्याला घसरलेली स्कूटर, सेक्रेटरींना नुसतंच "जुनं दुखणं." हे तिघं रोज सकाळी गेटवर एकमेकांशी बोलतात, एवढं त्यांच्या लक्षात आलं नाही. लवकरच तिन्ही थापा उघड्या पडल्या, आणि दवाखान्यातून मिक्सरची गोष्ट सगळ्या इमारतीला कळली. जिन्यात कुणीतरी म्हणालं, "काय काका, आधी हात, मग बंद?" सगळे हसले, मीही हसले. काका मान खाली घालून वर गेले.

तेव्हापासून ते हात भाजीच्या पिशवीत घालून खाली उतरू लागले. पिशवीत बाकी काही नसायचं. आणि कुणाच्या घरी तारीख बघायला येणंही त्यांनी सोडलं.

पट्टी निघाली, पण बोटं आखडलेली आणि भयंकर दुखरी. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं आरशाचा व्यायाम दिला. टेबलावर आरसा उभा करायचा, दुखरा हात त्याच्या मागे लपवायचा, डावा पुढे ठेवायचा. डाव्याची मूठ उघडायची-मिटायची आणि बघायचं फक्त आरशात. तिथे तो डावा हात उजवा दिसतो, मेंदूला वाटतं उजवाच हलतोय, आणि दुखणं हळूहळू कमी होतं. काकांनी आधी आरशाच्या कडांना लाल टेप लावली, मग व्यायामाला बसले.

"शुद्ध फसवणूक आहे," मी डबा द्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "आणि मेंदू फसतो हो. याच्या भरवशावर मी सगळी नोकरी केली."

पुढे हात बराच सुधारला. आरसा आता नको, असं त्या मुलीनं सांगितल्याचं काकांनीच मला सांगितलं होतं. म्हणून परवा रविवारी गेले तेव्हा तो टेबलावर तसाच उभा बघून मला नवल वाटलं. काकू काकांना अगदी खेटून बसल्या होत्या.

"बंद करायला सांगितला होता ना?" मी विचारलं.

काका उठले आणि मला दारापर्यंत घेऊन आले. आवाज उतरवून म्हणाले, "स्नेहा, हिचं हल्ली विसरणं वाढलंय. त्या दिवशी भांड्यात चिकटलेली चटणी मी बोटानं काढत होतो. हिला वाटलं, वाटायची राहिलीय. हिनं बटण फिरवलं. प्लग मी काढला नव्हता, तेव्हा चूक माझीच. पण हे बाहेर कळलं असतं तर सगळे म्हणाले असते, हिला ओट्यापाशी उभं करू नका. त्यापेक्षा मला हसलेलं परवडलं."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी चपलांच्या स्टँडकडे बघत राहिले.

"बाकी सगळं विसरते, तेवढं मात्र विसरत नाही," ते म्हणाले. "या हाताकडे नजर गेली की जेवत नाही. आरशातल्या हाताकडे बघितलं की जेवते."

ते परत जाऊन बसले. उजवा हात आरशामागे ठेवला आणि डाव्याची मूठ उघडली. काकू पुढे वाकल्या. काचेवरून एकेका बोटावर हात फिरवत म्हणाल्या, "बरं झालं बाई. सगळी बोटं नीट आहेत हो तुमची."

"नीट आहेत," काका म्हणाले, आणि त्यांनी मूठ पुन्हा मिटून उघडली.