विंचू दाखवणारी बॅटरी

विहीणबाईंची साडी सोनाजीने दुकानात उभ्या उभ्या घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवायची बॅटरी निवडायला मात्र सबंध सकाळ घालवली. पुढे जे रामायण झालं त्याचं मूळ इथंच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

खरं तर नर्मदाबाईने नवऱ्याला वसमतला उतरायला सांगितलं होतं ते फक्त साडीसाठी. लेक पुनमची लग्नानंतरची पहिली पंचमी तोंडावर आली होती. तिला शिरड शहापूरहून माहेरी आणायचं होतं, आणि सून धाडायची की नाही हे सर्वस्वी तिच्या सासूच्या हातात. निघताना नर्मदाबाईने बजावलं होतं, "साडी निरखून पारखून घ्या. तिथं गेल्यावर शानपना करू नका. अन् पोरीला घेतल्याबिगर दारात येऊ नका."

पण स्टँडवरून कापडाच्या दुकानाकडे जाताना वाटेत बॅटरीचं दुकान लागलं, त्याला सोनाजी तरी काय करणार?

"चाचा, मोबाईल में बॅटरी रहती ना," दुकानदार म्हणाला.

"अन् मोबाईलच हिरीत पडला तर तो कशानं हुडकू?"

 दुकानदाराने निमूटपणे बॅटऱ्या मांडल्या. सोनाजीच्या अटी तरी किती! बॅटरी खिशात मावली पाहिजे, पण हरवण्याइतकी बारीक नको. कुणाच्या पाया पडायला वाकलं तर खिशातून घरंगळायला नको. आणि भर उन्हात उजेड पारखायचा कसा, म्हणून त्याने पंख्याचं रिकामं खोकं मागून घेतलं आणि त्यात डोकं घातलं.

"यांना चक्कर आली का हो?" रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने घाबरून विचारलं.

"ह्यो उजेड लई पिवळा हाय," खोक्यातून आवाज आला. "दुसरी द्या."

शेवटी कंटाळून दुकानदाराने ठेवणीतली बॅटरी काढली. करंगळीएवढी, खिशाला अडकवायला चिमटा असलेली. एकदा दाबली की पांढरा उजेड, दुसऱ्यांदा दाबली की जांभळा.

"जांभळा कशाला?"

"इसमें बिच्छू चमकता, चाचा. एकदम हरा."

झालं. सोनाजी तिथेच विरघळला. गेल्या साली विंचवाने त्याच्या अंगठ्याला प्रसाद दिला होता, तेव्हा त्याने ठोकलेल्या बोंबेची नक्कल गावातले लोक अजून पारावर करत. बॅटरी खिशाला अडकवून तो बाहेर पडतो तो स्टँडवर शिरडची गाडी लागलेली. तो पळत कापडाच्या दुकानात शिरला. "ती द्या. ती हिरवी. न्हाई, तिच्याखालची. कोनतीबी द्या!" असं म्हणून पुडकं बगलेत मारलं आणि चालत्या गाडीत चढला.

शिरडला व्याही किसनरावांनी तोंडभरून स्वागत केलं. विहीणबाई भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी साडीवरून बोट फिरवलं, "चांगली हाय," म्हणाल्या आणि बाजूला ठेवली. चहा झाल्यावर सोनाजीने हळूच विषय काढला.

"पंचमीला पुनमला न्यावं म्हनतो."

"आमचं काय न्हाई बुवा. हिला इचारा," किसनरावांनी अंग काढून घेतलं.

"धाडली असती हो ईवाई," विहीणबाई म्हणाल्या. "पन हा पाय बघा. चार दिस झाले मुरगळून. जमिनीला टेकवता येईना. पुनम गेली तर मला पान्याचा तांब्या कोन देईल?"

आता मुरगळलेल्या पायापुढे कोण काय बोलणार? सोनाजीने मान हलवली. रिकाम्या हाताने गेल्यावर नर्मदाबाईला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्याला प्यालेला चहाही कडू लागला.

दिवे लागायच्या वेळेला लाईट गेली आणि सोनाजीचा चेहरा उजळला. नर्मदाबाईचा उपदेश विसरून त्याने खिशाला हात घातला.

"ईवाई, हिच्यात विंचू चमकतो."

"काय सांगता! दावा बरं!"

किसनराव पडले हौशी. दोघे व्याही अंगणात निघाले. सरपणाचा ढीग झाला, गोठ्याची भिंत झाली, न्हाणीचे दगड उलटे करून झाले. जांभळ्या उजेडात सोनाजीच्या धोतराशिवाय काहीच चमकेना.

"गेल्या हप्त्यात हितंच निघाला होता हो," किसनराव पाहुण्याची समजूत घालत म्हणाले. "आजच काहून न्हाई निघून राहिला, कोन जाने."

त्या बिचाऱ्याच्या समजूत घालण्यानेच सोनाजी जास्त खजील झाला. औंढ्याच्या दिशेला तोंड करून त्याने मनातल्या मनात नागनाथाला हात जोडले, देवा, एक तरी निघू दे. लेकीच्या सासरी विंचू निघावा म्हणून देवाला साकडं घालणारा बाप पंचक्रोशीत तोच एक असावा.

आणि देव पावला. मधल्या खोलीच्या दारातून सोनाजीने उजेड आत टाकला तर गव्हाच्या पोत्यांजवळ, जमिनीलगत, काहीतरी लांबुळकं, हिरवंपिवळं लखलखत होतं. चांगलं वीतभर. आणि ते हललं.

"हलू नका कोनी! विंचू!" सोनाजीने दारातली चप्पल उचलली आणि सगळा जोर एकवटून फटकन हाणली.

जी किंकाळी उठली ती विंचवाची नव्हती.

त्याच क्षणी लाईट आली. सोनाजी दुसरा तडाखा द्यायला चप्पल उगारून उभा होता. पुनम चुलीपुढून धावत येऊन दारात थिजली होती. आणि भिंतीला टेकून डुलकी घेणाऱ्या विहीणबाई गव्हाच्या पोत्यांच्या थप्पीवर चढून उभ्या होत्या. त्यांच्या पायाला सुनेने तासाभरापूर्वी हळद-तेलाचा लेप लावला होता आणि त्या लेपावर चपलेचा ठसा उमटला होता.

किसनरावांनी खाली पडलेली बॅटरी उचलून अंधाऱ्या कोनाड्यातल्या लेपाच्या वाटीवर धरली. "आत्ता गं! हळद बी चमकती की!"

सोनाजीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. विहिणीला चपलेने मारणारा माणूस! सात पिढ्यांत असं कुणी केलं नव्हतं आणि पुढच्या सात पिढ्यांत लोक विसरणार नव्हते. त्याने डोळे मिटून जमिनीला डोकं टेकवलं.

"चुकलो ईहीनबाई! पाय लई दुखला का? सुजला का? जमिनीला टेकवता येतो का?"

 किसनराव एकदा बायकोच्या पायाकडे बघत होते, एकदा थप्पीच्या उंचीकडे.

"म्या डागदर आनतो. आधीच मुरगळलेला पाय, त्याच्यावर म्या—"

"राहू द्या हो!" विहीणबाई खाली उतरल्या आणि लंगडत आतल्या खोलीत गेल्या. फक्त घाईघाईत लेप नसलेल्या पायाने लंगडल्या. मिटल्या डोळ्यांच्या सोनाजीला ते दिसलं नाही. किसनरावांना दिसलं, पण संसारात काही गोष्टी दिसूनही बघायच्या नसतात, एवढं त्यांना कळत होतं.

सकाळी सोनाजीने पुनमचा विषयच काढला नाही. पिशवी उचलली आणि कुणाच्या नजरेला नजर न देता "येतो" म्हणाला.

"एकटेच कुठं निघाले?" आतून विहीणबाईंचा आवाज आला. "लेक घेऊन जा. पंचमी झाली की आनून सोडा."

"पन तुमचा पाय—"

"पायाचं नाव काढू नका म्हनलं ना!"

केवढं हे मोठं मन, असं वाटून सोनाजीचे डोळे भरून आले.

गाडीत बसल्यावर तो कितीतरी वेळ त्याच मोठ्या मनाविषयी बोलत होता. शेवटी पुनमला राहवेना.

"बाबा, त्यांचा पाय मुरगळलाच नव्हता."

 तशी सोनाजीची खाली गेलेली मान एकदम ताठ झाली. "आस्सं! म्हंजे सोंग व्हय! अन् म्या लाजंनं रातभर उपाशी पडलो!"

"तसं नका म्हनू," पुनम म्हणाली. "हे अन् मामंजी दिवसभर वावरात. घरात त्यांना बोलायला माझ्याबिगर कोन हाय? चार दिस झाले, म्या रोज त्या चांगल्या पायाला लेप लावून राहिले. लावता लावता त्या मला त्यांच्या लहानपनीच्या गोष्टी सांगतात. सोंग करावं लागलं त्यांना, पन मी हवी म्हनूनच ना?"

सोनाजीचा ताठा जसा आला तसा उतरला. आपल्या लेकीवर एवढा जीव लावणाऱ्या बाईला आपण चपलेने मारलं होतं. पाय मुरगळलेला नसला म्हणून चप्पल खोटी होत नव्हती.

"साडी तरी आवडली का गं त्यांना?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

पुनम खिडकीबाहेर बघायला लागली. "काठाला उंदरानं कुरतडली होती. घरात नेसायला होईल म्हनल्या. तुमाला सांगू नको म्हनल्या."

 वसमतला घराकडची गाडी लागलेली असूनही त्याने पुनमला हाताला धरून कापडाच्या दुकानात नेलं. साडीमागून साडी उलगडायला लावली. प्रत्येक साडी दारात उन्हात नेऊन काठ तपासला, पदर तपासला, पोत दोन बोटांत चोळून बघितला. दुकानदार घामाघूम झाला, नोकर जेवायचा खोळंबला. अखेर दोन साड्या उरल्या, एक जांभळी आणि एक मोतिया.

"जांभळी नको," सोनाजी ठामपणे म्हणाला.

तेवढ्यात लाईट गेली. खोल, बोळकांडीसारख्या दुकानात गुडूप अंधार झाला.

"अरे, कोनापाशी बॅटरी हाय का बॅटरी?" दुकानदार ओरडला.

पुनमने बापाकडे पाहिलं. सोनाजीने खिशावर हात घट्ट दाबून धरला आणि छताकडे बघत, लाईट येईपर्यंत तसाच बसून राहिला.