झोपेपुरती कादंबरी

अप्पासाहेबांनी मला भाड्याची खोली देण्याआधी माझी मुलाखत घेतली ती पलंगावर आडवं पडून. अंगात बनियन, पोटावर दोन्ही हात, डोळे मिटलेले. मी दारात पदवीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन उभा. घरमालक काय काय विचारतात ते मित्रांनी मला पढवून ठेवलं होतं. नोकरी कुठे, पगार किती, अंडी खाता का, मित्र येतात का. अप्पासाहेबांनी यातलं काहीच विचारलं नाही. डोळे न उघडताच त्यांनी टेबलाकडे बोट केलं आणि म्हणाले, "ते पुस्तक घ्या. कुठूनही वाचा."

पुस्तक जुनं होतं. कव्हर गेलेलं, सुरुवातीची काही पानंही गेलेली, त्यामुळे त्या कादंबरीचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. मी उघडलं तिथे हेमलता नावाची तरुणी चांदण्यात नदीकाठी उभी होती आणि दिनकर नावाचा तरुण तिच्यासमोर शब्द शोधत होता. शाळेत मला पाठांतराच्या स्पर्धेत बक्षिसं मिळालेली. म्हटलं, मालकांवर छाप पाडावी. दिनकरासाठी आवाज खाली नेला, हेमलतेसाठी थरथरवला. "'दिनकर! हा चंद्रमा साक्षी आहे...'"

अप्पासाहेब ताडकन उठून बसले.

"अहो, हे काय? घाबरलो ना मी!"

"काका, भाव आणून वाचत होतो."

"भाव नको. भावानं माणूस जागा होतो. मला झोपायचं आहे. रेल्वेचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाचा, बरोबर ने?"

'बरोबर ने?' हे त्यांचं पालुपद. घरी मराठीच बोलायचे, पण बडोद्यात पिढ्या गेलेल्या, त्यामुळे मराठीत निघालेलं वाक्य शेवटच्या वळणावर गुजरातीत शिरायचं.

खोली मला मिळाली. माझ्या वाचनामुळे नव्हे. माझ्याआधी येऊन गेलेल्या दोघांना मराठी वाचताच येत नव्हतं. त्या परीक्षेला मी एकटाच बसलो आणि काठावर पास झालो. तरी मला अभिमान वाटला. माझे वडील डभोईच्या धान्यबाजारात पोती तोलायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. मांजलपुरात गच्चीला लागून असलेली स्वतंत्र खोली आपल्या शिक्षणानं मिळवून दिली, असं मी घरी पोस्टकार्डावर कळवलं. कादंबरी वाचून घरमालकाला झोपवावं लागतं, हे लिहिलं नाही. वडिलांचा शिक्षणावर फार विश्वास होता.

अप्पासाहेब सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. आजोबा संस्थानच्या कारभारात होते, त्याची खूण म्हणजे ते भाजीवाल्यालाही 'आपण' म्हणत. जुन्या शहरातल्या दांडिया बाजारातली जागा भावांना सोडून ते मांजलपूरच्या नव्या सोसायटीत आले होते, पण मन तिकडेच. दांडिया बाजारात निघाले की म्हणत, "जरा गावात जाऊन येतो." जणू मांजलपूर म्हणजे जंगल.

आणि त्यांच्या झोपेची गोष्ट अशी. लग्न झाल्यापासून मालतीकाकू दुपारची जेवणं आटोपली की पलंगाशी खुर्ची ओढून कादंबरी मोठ्यानं वाचायच्या. माहेराहून त्यांनी एक ट्रंक भरून प्रेमाच्या जुन्या कादंबऱ्या आणल्या होत्या. मांडीवर पुस्तक, समोर ताटात मेथीची जुडी. नोकरी होती तोवर हा कार्यक्रम फक्त सुट्टीच्या दिवशी चाले. निवृत्तीनंतर रोजचा झाला. दुसऱ्या पानाला अप्पासाहेब घोरू लागत.

"मला एकाही कादंबरीचा शेवट माहीत नाही," ते मोठ्या ऐटीत सांगत.

"म्हणजे त्या दोघांचं लग्न होतं की नाही, हेसुद्धा नाही?"

"कोण जाणे बुवा. मी असतो तोपर्यंत तर ती नदीकाठीच उभी असतात."

त्या वर्षांत सोसायटीतल्या घरांमधून कुणी ना कुणी अमेरिकेला जात होतं. आधी कॉम्प्युटर शिकलेली मुलं गेली, मग त्यांच्या बाळंतपणांसाठी आया गेल्या. अप्पासाहेबांच्या मुलीला दिवस राहिले आणि काकूंचंही तिकीट आलं. "घराला कुलूप बरं नव्हे," असं सांगून अप्पासाहेब मागे राहिले. खरं कारण, ते विमानाला भीत. जाण्याआधी काकूंनी दुपारी-दुपारी टेपरेकॉर्डरसमोर बसून कॅसेटी भरून ठेवल्या. आपण नसताना यांची झोप मोडायला नको.

त्या कॅसेटींत काय काय नव्हतं! हेमलता "माझ्या हृदयाचे स्वामी" म्हणायच्या बेतात असताना कुकरची शिट्टी व्हायची. मग काकूंचा आवाज यायचा, "तीन झाल्या का चार?" दिनकर प्रेमपत्र फाडून टाकायचा तेव्हा काकू आपल्याच मनानं म्हणायच्या, "मेल्या, आधी कामधंद्याचं बघ." आणि एका कॅसेटीत खालून जाणारा भाजीवाला ओरडायचा तोही टेपात आलेला. अप्पासाहेबांना एवढ्या गोंगाटात गाढ झोप लागायची. जागायचे ते शेजारी.

शेजारच्या हंसाबेन तर एकदा फसल्याच. भाजीवाल्याची आरोळी ऐकली, पिशवी घेतली, चपला न घालता खाली धावल्या. रस्ता रिकामा. परत वर येऊन त्यांनी अप्पासाहेबांचं दार वाजवलं.

"काका, शाकवाळो क्यां गयो? हमणां तो बूम पाडी एणे!"

अप्पासाहेब अर्धवट झोपेत म्हणाले, "बेन, तो आज नाही आला. तो मार्चमधला आहे."

हंसाबेननी ही गोष्ट सोसायटीभर केली. त्यानंतर खरा भाजीवाला आला तरी बायका आधी विचारत, "असली छे के कॅसेटवाळो?"

पुढे टेपरेकॉर्डरनं एक एक करत सगळ्या कॅसेटी खाल्ल्या. अप्पासाहेबांनी बाहेर लोंबणारी पट्टी पेन्सिल फिरवून आत घातली, चिकटवली, पण काकूंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येऊ लागला. झोप गेली ती गेली. दुपार हुकली की रात्रही हुके. एकदा चहात मीठ पडलं. एकदा स्कूटर घेऊन गावात गेले आणि रिक्षात बसून परत आले. स्कूटर दोन दिवस बाजारात उभी. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकल्या. आणि मग 'मराठी वाचणारा भाडेकरू पाहिजे' असं सगळ्यांना सांगून ठेवलं.

मी सकाळच्या शाळेत शिकवायचो, दुपार मोकळी. माझं खरं शिक्षण तिथे सुरू झालं. स्वल्पविराम दिसेल तिथे थांबायचं नाही, उद्गारचिन्ह दिसलं तरी दचकायचं नाही, चुंबनाचा उल्लेख आला तर तो हिशेबातल्या किरकोळ खर्चासारखा वाचून पुढे जायचं. हे सगळं मी शिकलो. तरीही ते टक्क जागे.

"काहीतरी कमी पडतंय," एकदा ते छताकडे बघत म्हणाले. मग जरा लाजत, "मध्ये थांबत जा ना. थांबून म्हणा, 'दूध उतू गेलं वाटतं.'"

"पण काका, गॅस बंद आहे."

"बंद असू दे. तुम्ही म्हणा."

मी म्हटलं. हेमलतेनं दिनकराच्या खांद्यावर मान टेकली, मी थांबलो, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि म्हणालो, "दूध उतू गेलं वाटतं." अप्पासाहेबांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती सैल झाली. दुसऱ्या दिवशी मी आपणहून "मेल्या, आधी कामधंद्याचं बघ" असं घातलं. तिसऱ्या दिवशी मेथीची जुडी आणली आणि निवडत निवडत वाचू लागलो. ते घोरले! मला कॉलेजच्या निकालाच्या दिवशी झाला नव्हता इतका आनंद झाला. मेथी वाया जायला नको म्हणून संध्याकाळी दोघांनी थेपले केले.

रविवारी सकाळी अमेरिकेहून फोन यायचा. अप्पासाहेब रिसीव्हरमध्ये असे ओरडत की अमेरिकेला फोनची गरजच नव्हती.

"झोप? अगं, मजेत! घोरतो! खोटं वाटत असेल तर ह्या मास्तरांना विचार."

फोन माझ्या हातात येई. "हो काकू, घोरतात," मी सांगे. मेथी आणायच्या आधीच्या रविवारीही मी हेच सांगितलं होतं, कारण त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. "तिला कळता कामा नये. कळलं की ती पोरीला तशीच टाकून विमानात बसेल. पोरगी पहिलटकरीण, परका मुलूख. माझ्या झोपेपायी तिकडे आबाळ नको, बरोबर ने?" हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. फोनवर घातलेल्या विणलेल्या रुमालाची टोकं सरळ करत होते.

"आणि मी पण झोपते हो इथे," पलीकडून काकू म्हणायच्या. "गालिचे काय, गाद्या काय! पडलं की झोप."

बाळंतपण झालं. मग बाळाचं बारसं, मग मुलीची नोकरी पुन्हा सुरू, मग बाळाला दात. काकूंचा मुक्काम वाढत गेला. दर वेळी अप्पासाहेब फोनवर म्हणत, "राहा, राहा. काही घाई नाही." आणि त्या दुपारी मला जास्त पानं वाचावी लागत.

शेवटी काकू आल्या. विमानतळावर जायला अप्पासाहेबांनी जो कोट घातला त्याला डांबराच्या गोळ्यांचा असा वास होता की गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या लागल्या. काकू बाहेर आल्या तर हे म्हणाले, "सामान मोजलंस का?" एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक परत करायला खाली गेलो. माझं काम संपलं होतं. आता पुन्हा खुर्ची पलंगाशी ओढली जाणार, काकू वाचणार आणि अप्पासाहेब दुसऱ्या पानाला जाणार, हे धरूनच मी आत शिरलो.

पलंगावर काकू होत्या. डोळे उघडे, पंख्याकडे लागलेले. आधीच लहान चण, तिकडून आणखी वाळून आल्या होत्या. डोळ्यांखाली काळं. अप्पासाहेब खुर्चीत अवघडून बसलेले.

"झोपा ना काकू," मी म्हणालो. "तिकडची रात्र आहे ना आता? दोन-चार दिवसांत बसेल गाडी रुळावर."

"तिकडची रात्र नि इकडची दुपार," काकू म्हणाल्या. "मला तर तिकडे दुपारीही डोळा लागला नाही की रात्रीही नाही, बाबा. घर इतकं गप्प की फ्रिज बोलायचा तेवढाच. पुस्तक नेलं होतं एक. पण मोठ्यानं कुणाला वाचून दाखवू? जावईबापूंना?"

"फोनवर तर म्हणायचीस, गाद्या काय, गालिचे काय," अप्पासाहेब म्हणाले.

"मग काय सांगायचं होतं? तुम्ही इथून विमानात बसला असतात का?"

मग काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यांना वाटतं, मी ह्यांना झोपवायची. अरे, ह्यांचं घोरणं सुरू झालं की मग मी पुस्तक मिटून लवंडायची. माझी झोप त्यानंतरची."

अप्पासाहेबांनी माझ्यापुढे हात केला. मला वाटलं, खुर्चीतून उठायला आधार हवाय. त्यांना पुस्तक हवं होतं.

आयुष्यात त्यांनी कादंबरी हातात धरलेली नव्हती. चष्मा लावला, तो पुसला, पुन्हा लावला. कागद तपासायला घ्यावा तसं पुस्तक जरा लांब धरलं आणि आधी पानाचा आकडा मोठ्यानं वाचला. मग "स्वल्पविराम" असंही म्हणाले. काकू हसल्या. "अहो, ते नाही वाचायचं."

"बरं," म्हणाले आणि पुढे गेले. वाचन भयानक होतं. जोडाक्षरावर अडखळत होते, हेमलतेचं बोलणं दिनकराच्या तोंडी घालत होते. पण आवाज सरळ, कोरडा, पाण्याच्या टाकीत नळाची धार पडत राहावी तसा. मी दाराशीच उभा राहिलो. जावं की थांबावं ते कळेना.

पानाच्या मध्यावर ते थांबले. "अरेच्चा! हा दिनकर तर मुंबईला निघाला!"

"हं," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटत आले होते.

"हिला न सांगता?"

अप्पासाहेब पुन्हा वाचू लागले, आता जरा घाईनं. आगगाडीनं शिट्टी दिली, हेमलता फलाटावर धावत आली, डबे हलू लागले, तिनं एका खिडकीकडे पाहून हाक मारली. तिथे पान संपलं.

काकूंचा श्वास संथ झाला होता. अप्पासाहेबांचं बोट पानाच्या कोपऱ्याशी गेलं. त्या पुस्तकाची पानं इतकी वाळलेली होती की उलटताना पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. ते कोपऱ्याकडे बघत राहिले, मग काकूंकडे, मग पुन्हा कोपऱ्याकडे. मी मदतीला एक पाऊल पुढे टाकलं, तर त्यांनी तळहात दाखवून मला जागीच थांबवलं.

मग चष्मा सारखा केला आणि तेच पान वरून पुन्हा वाचायला लागले.