दोन दारांचं वायफाय

"आता तुळजापुरातल्या कुठल्याबी लॉजनं माझा पाहुणा पळवून दाखवावा!"

महेश्वरीनं हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून भरल्या ओसरीत ही घोषणा केली. ओसरीत तेव्हा फक्त तिचा नवरा रणधीर होता, पण तो नुकताच जेवून बसल्यामुळं ओसरी भरल्यासारखीच दिसत होती.

रणधीर देवीचा पुजारी. तुळजापुरात रीत अशी, की ज्या घराण्याचा जो पुजारी, त्याच्याच घरी त्या घराण्यानं उतरायचं. आजा ज्या खोलीत घोरला, त्याच खोलीत नातू घोरणार! पण अलीकडं गल्लोगल्ली लॉज झाले आणि "तिथं वायफाय हाय" म्हणत माणसं पूजा पुजाऱ्याच्या हातची आणि झोप लॉजच्या गादीवर, अशी वाटणी करायला लागली. महेश्वरीच्या ते फार जिवाला लागलं. एवढे पुरणाचे घाट घालायचे, आणि पाहुणा ढेकर द्यायला समोरच्या लॉजवर!

रणधीरचं म्हणणं वेगळं होतं. "अगं, येणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त. यंदा परसात खुर्चीचा संडास बसवू."

"अहो, लोकं देवीच्या दर्शनाला येतात का संडासाच्या?" महेश्वरीनं त्याला एका वाक्यात गप्प केलं. "आजकाल माणसाला बसायला जागा नसली तरी चालती, रेंज लागती!"

आणि रेंज तिनं आणली. कुणाला न विचारता, कुठं न शिकता, पोळ्या लाटता लाटता मोबाईलवर व्हिडिओ बघून. राऊटर बसवला. ओसरीत मोठा टीव्ही जोडला. देवघरात आरती लावायला बोलका डबा, म्हणजे स्पीकर, ठेवला. भक्तांना टपालानं प्रसाद पाठवायचा असतो, त्याच्यावर चिकटवायचे पत्ते छापायला प्रिंटर घेतला. सगळं वायफायवर! रणधीर त्या घरात स्वतःच पाहुण्यासारखा जपून चालायला लागला. न जाणो, कशाला पाय लागला आणि काय बोलायला लागलं!

व्हिडिओतल्या चष्मेवाल्या मुलानं एक गोष्ट बजावून सांगितली होती. पाहुण्यांना नेट द्या, पण वेगळं द्या. त्यांच्या फोनला घरातला टीव्ही, प्रिंटर काही दिसता कामा नये. महेश्वरीला ते एकदम पटलं. तिनं राऊटरमध्ये दोन नेटवर्कं केली आणि ठसठशीत नावं दिली. एकाचं 'घरचे', दुसऱ्याचं 'पाहुणे'.

इथंच माशी शिंकली.

पहिलेच पाहुणे आले ते मुरूम गावच्या लक्ष्मम्मा. चार पिढ्यांचं घरोब्याचं कुटुंब. गाडीतून आधी कडक भाकरीचं गाठोडं उतरलं, मग शेंगाच्या चटणीचा डबा, मग मुलगा शिवानंद, मग सोलापूरचे जावई, आणि सगळ्यांत शेवटी, दोन्ही गुडघ्यांना नावानिशी हाका मारत, लक्ष्मम्मा.

गूळपाणी पुढं करायच्या आधी महेश्वरीनं पासवर्ड पुढं केला. शिवानंदनं फोन काढला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"वैनी, हितं दोन दिसायलेत. एक 'घरचे', एक 'पाहुणे'. आमी कुठलं घ्यायचं?"

"पाहुणे!" महेश्वरी अभिमानानं म्हणाली. "त्यात लई सोय हाय भाऊजी. नेट भरपूर मिळतंय, पण घरातल्या कशालाच तुमचा हात लागत न्हाय!"

ओसरीत अशी शांतता पसरली, की राऊटरचे दिवेसुद्धा ऐकू येतील!

"काय म्हनली ही?" लक्ष्मम्मांनी विचारलं.

शिवानंदनं आईला समजावलं, "आपला हात लागू नये म्हनं, अव्वा. आपल्याला भायेरच्या नेटात घातलंय."

लक्ष्मम्मा जागच्या जागी भाकरीच्या गाठोड्यावर बसल्या. आतल्या भाकऱ्यांचा कुरकुर आवाज झाला.

"माझ्या सासूनं ह्या घरच्या चुलीवर आंबील शिजवली. ह्या रणधीरच्या बारशाला पाळण्याची दोरी म्या ओढली. आन आज आमी पाहुणे? शिवानंदा, पिशव्या उचल! समोरच्या लॉजवर खोली बघ!"

"मावशी, अहो तसं न्हाय!"

"कसं का असंना! पाहुण्यानं लॉजवरच ऱ्हावं!" असं म्हणून लक्ष्मम्मा कधी नव्हे त्या चपळाईनं उठल्या आणि उंबऱ्याकडं निघाल्यासुद्धा.

ज्यांना धरून ठेवायला वायफाय आणलं, तेच वायफायपायी निघाले! आणि मुरूमचं घर सुटलं, तर उद्या गावभर काय तोंड दाखवायचं? महेश्वरीनं धावत जाऊन दारात दोन्ही हात आडवे केले.

"मावशी, थांबा! खड्ड्यात गेले ते पाहुणे! हे घ्या 'घरचे'चा पासवर्ड! समद्यांनी घ्या! तुमी न्हाय घरचे तर कोण?"

लक्ष्मम्मांचा चेहरा असा काही विचित्र झाला, की महेश्वरीला वाटलं, म्हातारीला गहिवरून आलं. त्यांनी मोठा सुस्कारा टाकला, समोरच्या लॉजकडं एकदा बघितलं आणि पुन्हा गाठोड्यावर बसल्या.

मग काय! सगळे फोन घरचे झाले आणि घर कुणाचंच राहिलं नाही.

जावयांनी मॅच लावली, ती चुकून देवघरातल्या डब्यावर लागली. रणधीर डोळे मिटून नैवेद्याला पाणी फिरवत होता, तेवढ्यात देवाच्या मागून कुणीतरी ओरडलं, "आऊट!" त्याच्या हातातली पळी थेट पुरणात.

शिवानंदनं नव्या ट्रॅक्टरचा फोटो मेव्हण्याला पाठवायला म्हणून काहीतरी दाबलं, तर आतल्या खोलीत प्रिंटर घुंघुं करायला लागला. प्रसादाच्या पत्त्यांच्या पट्ट्यांवर ट्रॅक्टर तुकड्या-तुकड्यानं बाहेर आला. एका पट्टीवर चाक, एकीवर सायलेन्सर!

"भाऊजी, आता हे भक्तांना पाठवू का?"

"पाठवा की वैनी! देवीच्या कृपेनंच आलाय त्यो!"

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. लक्ष्मम्मासुद्धा हसल्या, पण मधूनच परसाकडं बघून गंभीर व्हायच्या. शिवानंदनं मग आईचाच फोन घेतला, त्यातले नातीच्या बारशाचे फोटो मोठ्या टीव्हीवर टाकले, सगळ्यांना दाखवले, आणि टीव्हीची जोडणी तशीच ठेवून फोन आईच्या हातात परत दिला.

लक्ष्मम्मा फोन घेऊन परसात गेल्या. आपलं वायफाय परसातल्या लिंबापर्यंत पोचतं, याचा महेश्वरीला फार अभिमान होता. ते खरोखरच पोचलं!

कारण इकडं ओसरीतल्या टीव्हीवर बारशाचा पाळणा गेला आणि लेकीचा, म्हणजे सोलापूरच्या चन्नम्माचा, बोलका निरोप खणखणीत वाजला:

"अव्वा, निघालीस का न्हाय लॉजवर? म्या खोली सांगून ठेवलीया. खुर्चीचा संडास हाय, इचारून घेतलंय. कायबी बहाणा काढ आन नीघ! पर महेश्वरीवैनीला कळू दिऊ नको बाई, तिला लई वाईट वाटंल!"

पुरणपोळी खात बसलेल्या जावयांनी घास तोंडात तसाच धरून ठेवला.

तिकडं लक्ष्मम्मांना मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं. कान आधीच जड, त्यात फोन कानाला, आवाज टीव्हीला! त्यांना वाटलं, आवाज बारीक आहे. त्यांनी तो वाढवला आणि निरोप पुन्हा लावला. आता "खुर्चीचा संडास हाय" हे अख्ख्या गल्लीनं ऐकलं. समोरच्या लॉजचा मॅनेजर गॅलरीत आला आणि हात वर करून म्हणाला, "हाय, हाय! खोली तयार हाय!"

"अव्वाला थांबवा कुणीतरी!" शिवानंद कुजबुजला. पण लक्ष्मम्मांनी ऐकू न येताही अंदाजानं उत्तर बोलून टाकलं होतं, आणि नीट गेलं का बघायला तेही लावलं:

"चन्ने, बहाणा सोन्यासारखा घावला हुता गं! पाहुण्यांचं नेट दिलं म्हनून रुसून बसले. निघालेच हुते, तर ही पोर पासवर्ड घिऊन आडवी आली! लई गुणाची हाय. तिच्या तोंडावर कसं सांगू, तुझ्या संडासात बसलं की मला उठवाया दोन माणसं लागत्यात म्हनून?"

महेश्वरीला आधी राग आला. "गुणाची" ऐकल्यावर डोळ्यांत पाणी आलं. आणि "दोन माणसं" ऐकल्यावर तिनं हळूच नवऱ्याकडं बघितलं. रणधीर आढ्याकडं बघत होता. लग्नानंतर पहिल्यांदाच बरोबर ठरलेला माणूस किती शांत दिसतो, ते तिला त्या दिवशी कळलं.

ती परसात गेली.

"मावशी, एका संडासापायी एवढं रुसायचं?"

लक्ष्मम्मा दचकल्या. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच. मोठ्या पडद्यावर."

म्हातारीनं फोनकडं बघितलं, दारातून दिसणाऱ्या टीव्हीकडं बघितलं, टीव्हीवर स्वतःचाच फोन बघितला, आणि पदर तोंडाला लावून अशी हसत सुटली, की लिंबावरचे कावळे उडाले. महेश्वरीही तिच्या शेजारी धपकन बसून हसायला लागली. मग उठताना कळलं, की महेश्वरीच्याही गुडघ्याला आता हात द्यावा लागतो!

त्या रात्री लक्ष्मम्मा लॉजवर झोपल्या, राजरोस. उशी महेश्वरीनं घरून दिली आणि सकाळचा चहा स्वतः नेऊन पोचवला.

पुढच्या खेपेला मुरूमकर आले, तेव्हा परसात खुर्चीचा संडास पांढराशुभ्र चमकत होता. लक्ष्मम्मा आधी त्याचं दर्शन घेऊन आल्या, मग देवीचं. शिवानंदनं भीतभीत फोन काढला. नेटवर्कं अजूनही दोनच होती, पण नावं बदलली होती. एक 'घरचे'. दुसरं 'लई घरचे'.

"आमी कुठलं घ्यायचं वैनी?"

"हे काय इचारणं झालं? लई घरचे!"

लक्ष्मम्मांची मान ताठ झाली. सगळे फोन खुशीत जोडले गेले. त्या नेटवर्कावरून ना टीव्ही दिसत होता, ना प्रिंटर, ना देवघरातला डबा. सगळं शांत!

फक्त रणधीर आपला फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"अगं, मला बी दे की ते 'लई घरचे'."

"तुमी?" महेश्वरी पोळी उलटत म्हणाली. "तुमी आपले नुसते घरचे!"