आयरिसच्या गालावरचा निळा उजेड

"मी नुसता कॅमेरामन नाही, डार्लीन. मी उजेडाचा गुप्तहेर आहे. जगातली कुठलीही सावली मला बघून घाबरते," बर्ट्रम ऑबर म्हणाला आणि अंधारात दिव्याच्या स्टँडला अडखळून पडता पडता वाचला.

डार्लीन कोवालचकने स्टँड सावरला. व्हँकूवरजवळच्या त्या स्टुडिओत दिव्यांचं सगळं खातं तिच्याकडे होतं, आणि स्टँडबरोबर बर्ट्रमला सावरणं हेही त्यातच आलं. मालिका होती आयरिस नावाच्या शाळकरी गुप्तहेराची. तिच्यातली शाळा अंधारी, कॅन्टीन अंधारं, भर दुपारचं मैदानसुद्धा अंधारं. खिडकी दिसली की बर्ट्रम तिला पट्ट्यांचा पडदा लावणार आणि त्या पट्ट्यांच्या सावल्या दिसेल त्याच्या तोंडावर पाडणार. दूध पीत बसलेलं पोरगंही जन्मठेप भोगत असल्यासारखं दिसायचं. याला तो शैली म्हणायचा.

आणि मागच्या भागात आक्रीत घडलं. आयरिस वर्गात बाकावर बसून पुराव्याचा विचार करते, त्या दृश्यात तिच्या हनुवटीखालून मंद निळा उजेड आला आणि हलत हलत गालावर चढला. बघणारे वेडे झाले. निर्माती रोंडाने विचारलं, "ही कोणाची करामत?" बर्ट्रमने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "माझी." मग रोंडा म्हणाली, की शेवटच्या भागात हाच उजेड पाहिजे. पण तो आला कुठून, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. "तो खास दिवा डार्लीनने हरवलाय," त्याने ठोकून दिलं. शुक्रवारपर्यंत दिवा सापडला नाही, तर डार्लीनने घरी बसायचं, असं ठरलं.

"अरे, असा दिवाच नव्हता!" डार्लीन भडकली. "माझी नोकरी जाईल त्या खोट्यापायी!"

"नव्हता ना? मग तो कोणीतरी गुपचूप आणून ठेवला. बघ, तपास सुरूही झाला," बर्ट्रम म्हणाला आणि त्याने कोटाची कॉलर वर केली.

पहिला संशय जीवशास्त्राच्या वर्गातल्या माशांच्या टाकीवर. बर्ट्रम तिच्यासमोर कितीतरी वेळ उकिडवा बसला.

"तो केशरी मासा माझी नजर चुकवतोय."

"तो प्लास्टिकचा आहे, बर्ट्रम."

"म्हणूनच इतका शांत आहे!"

मग शेजारच्या स्टुडिओतल्या पिशाच्चांच्या मालिकेवर संशय. तिथला उजेड भिंतीच्या फटीतून चोरून आत सोडला जातो, असा त्याचा सिद्धान्त. तो वेष पालटून, म्हणजे टोपी उलटी घालून, तिकडे घुसला. पिशाच्चांनी त्याला ओळखलं, डोनट दिलं आणि परत पाठवलं. भिंतीला फट नव्हती. शेवटी त्याने थेट चंद्रालाच आरोपी केलं. ते दृश्य सकाळी, पक्क्या छपराखाली चित्रित झालं होतं, हे डार्लीनने सांगितल्यावर तो म्हणाला, "चंद्र फार पोहोचलेला आहे."

डार्लीनला रडू येत होतं. कर्जाचे हप्ते चालू असलेली बाई अशा माणसाच्या डोक्यावर अवलंबून असावी, याचाच तिला संताप आला. ती पायरीवर बसून त्या उजेडावरून त्याला मोठमोठ्याने शिव्या देऊ लागली. शेजारी आयरिसचं काम करणारी टेगन सँडविच खात होती.

"कुठला उजेड? तो निळा?" टेगनने विचारलं. "तो माझा टॅबलेट होता."

"काय?"

"माझे अभ्यासाचे तास कमी भरले होते गं. ते भरले नाहीत, तर सेटवरच्या शिकवणीच्या बाई मला दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर जाऊच देत नाहीत. मग बाकाखाली टॅबलेट घेऊन गणित करत बसले. इथे एवढा काळोख असतो, मला वाटलं कोणाला काय दिसणार!"

"अगं, मग सांगायचं नाहीस?"

"मला विचारलं कोणी?"

रहस्य उलगडण्याच्या मालिकेवर पोट भरणाऱ्या एवढ्या मोठ्या माणसांपैकी एकालाही, उजेड जिच्या तोंडावर पडला त्या पोरीला विचारावंसं वाटलं नव्हतं. त्यात आपणही आलोच, हे डार्लीनच्या लक्षात आलं आणि तिने स्वतःलाही एक शिवी हासडली.

शुक्रवारी बर्ट्रमने जाहीर केलं, "मला टॅबलेटचा संशय पहिल्यापासून होता." त्याने टॅबलेटवर नुसती कोरी निळी स्क्रीन लावून तो टेगनच्या मांडीवर ठेवला. उजेड आला. टेगनने गुप्तहेराला शोभेल असा विचार केला, म्हणजे एक भुवई वर नेली आणि ओठ आवळले.

रोंडाने मान हलवली. "रंग तोच आहे, पण उजेडात जीव नाही. म्हणजे तो खास दिवा हा नव्हे. डार्लीन, सॉरी. सामान आवर."

डार्लीन तरातरा पुढे गेली. तिने टॅबलेटवर शिकवणीच्या बाईंनी दिलेलं पुढचं गणित उघडलं. एक टाकी, तिच्यात पाणी सोडणारे दोन नळ.

टेगन वाकली. भुवई खाली आली. तिने ओठ चावला, बोटाने पान सरकवलं, आणि गालावरचा उजेड थरथरला. अख्ख्या सीझनमध्ये आयरिस आज दुसऱ्यांदा खरोखर विचार करत होती, आणि पहिल्यांदाही तो गणिताचाच होता.

"हेच! हेच ते!" रोंडा डोळे पुसत ओरडली. "बर्ट्रम, काय केलंस?"

"मी अंधाराच्या गर्भातून—"

"मी तिला गणित घातलं," डार्लीन म्हणाली. "आणि हरवलेला दिवा कधी नव्हताच. विचारा त्याला."

बर्ट्रम छताकडे बघू लागला. रोंडाला तेवढं पुरलं. "डार्लीन, तू कुठेही जायचं नाहीस. पुढच्या सीझनला रोज गणित. कट!"

टेगनने मान वर केली नाही. "थांबा ना! अजून सुटलं नाही."

सगळे काळोखात ताटकळत उभे राहिले. बर्ट्रम हळूच तिच्या खांद्यावरून वाकला, गणित वाचलं आणि कॉलर वर केली.

"यातला दुसरा नळ," तो डार्लीनच्या कानात कुजबुजला, "कोणीतरी मुद्दाम उघडा ठेवलाय."